ऑपरेशननंतर लेकरांना गाणी-गोष्टी ऐकवून दुखणं कमी करायचंय: वॉर्डात नेमकी व्यवस्था कशी करावी?

परभणीकर सिस्टर

नमस्कार. लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात ऑपरेशननंतर गाणी ऐकवायची सोय करायची आहे. डॉक्टरांचा होकार आहे. २० खाटा, लेकरं ३ ते १४ वर्षांची. हर्निया, हायड्रोसील, खाली न उतरलेला अंडकोष आणि अपेंडिक्स जास्त; अधूनमधून कोपराचं फ्रॅक्चर, टॉन्सिल, भाजलेल्यांचं ड्रेसिंग. भाषा मिसळलेल्या: मराठी, दखनी, तांड्यावरच्या लेकरांची गोरबोली.

सध्या नातेवाईक आपापल्या मोबाईलवर मोठ्यानं व्हिडिओ लावायलेत. एका खाटेवर भक्तिगीत, शेजारी कार्टून, वरून कूलरची घरघर. दुखणारं लेकरू त्यानं शांत होण्याऐवजी जास्तच किरकिरतंय. म्हणून कमी खर्चात ४-५ संच करून शिस्तीत चालवायचा विचार आहे.

विचारायचं असं: कधी लावायचं आणि किती वेळ? हेडफोन बरा की स्पीकर, आणि आवाज किती ठेवायचा? कोणत्या दुखण्याला कोणता राग अशी काही यादी असते का? गाण्यामुळे वेदनाशामक कमी करता येतं का? आणि खरंच उपयोग होतोय की नाही हे मोजायचं कसं? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं.

भूलतज्ज्ञ, लातूर

सिस्टर, औषधाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चूक तिथेच होते. गाणं वेळापत्रकाच्या औषधाची जागा घेत नाही. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर ६ तासांनी, २४ तासांत किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर नाही. हा डोस लेकरू हसत असलं तरी वेळेवर जायला हवा. सिरपच्या बाटल्या दोन ताकदींच्या येतात, ५ मिलीत १२५ आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाचा डोस १८० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीतून ७.२ मिली आणि दुसरीतून ३.६ मिली. बाटली बदलली आणि मिली तेच राहिले की डोस दुप्पट होतो किंवा अर्धा पडतो. अर्धा पडला तर कोणतंही गाणं ती कसर भरून काढणार नाही. गाण्यामुळे कमी होऊ शकतं ते 'दुखलं तर द्या' असं लिहिलेलं जादा औषध, आणि तेही डॉक्टरांनी आकडे बघून ठरवायचं.

आता उपयोग होतो का, तर होतो. शिकागोच्या लुरी बाल रुग्णालयात ९ ते १४ वर्षांच्या, मोठी ऑपरेशनं झालेल्या मुलांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे तीन गट होते. एकाने यादीतून स्वतः निवडलेली गाणी ३० मिनिटं ऐकली, दुसऱ्याने गोष्टींची ध्वनिपुस्तकं, तिसऱ्याच्या कानावर नुसते आवाज अडवणारे हेडफोन. पहिल्या दोन्ही गटांत वेदना कमी झाली, तिसऱ्यात नाही. यातून वॉर्डासाठी दोन गोष्टी निघतात. नुसती शांतता पुरत नाही. आणि गोष्टीनेही फरक पडतो, म्हणजे गुण एखाद्या ठरावीक सुरावटीत नाही. लेकराचं लक्ष धरून ठेवण्यात आहे, आणि माझ्या मते निवड त्याच्या हातात असण्यातही.

कारण समजायला सोपं आहे. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत एका फाटकातून जातो आणि मेंदू ते फाटक वरून ओढून घेऊ शकतो. भीती आणि दुखण्याकडेच लागलेलं लक्ष ते उघडं ठेवतं. त्यामुळे भेदरलेल्या लेकराला तोच टाका जास्त दुखतो.

वेळेचं म्हणाल तर एका बैठकीला २० ते ३० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा, मुख्यतः पहिले ४८ तास. तोंडावाटे दिलेलं पॅरासिटामॉल लागू पडायला अर्धा तास जातो. औषध पाजलं की लगेच गाणं लावा, म्हणजे तो मधला अर्धा तास निभावतो. कंबरेतून कॉडल (कंबरेखालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन) दिलेलं असेल तर त्याचा असर साधारण ४ ते ६ तासांनी उतरतो आणि हर्नियाचं शांत खेळणारं पोरगं एकदम कळवळतं. ती वेळ केसपेपरवर लिहून ठेवा. औषध आणि गाणं दोन्ही त्याच्या आधी सुरू झालेलं हवं. वेदना दहापैकी ८-९ वर पोचल्यावर हेडफोन लावायला गेलात तर लेकरू तो भिरकावून देईल, आणि पुढच्या वेळी बघूनच रडेल.

भूल पूर्ण उतरेपर्यंत कानावर काहीही नको. त्या वेळी हाक मारल्यावर डोळे उघडतो का हे आपल्याला बघायचं असतं.

मोजण्यासाठी ४ वर्षांवरच्या मुलांना सहा चेहऱ्यांची पट्टी (०, २, ४, ६, ८, १०), त्याखालच्यांना फ्लॅक: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २ गुण. एक काळजी घ्या. चेहऱ्यांच्या पट्ट्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत पहिला चेहरा हसरा आणि शेवटचा रडका. दुसरीत, म्हणजे सुधारित पट्टीत, पहिला चेहरा नुसता साधा आणि अश्रू कुठेच नाहीत. या कामाला दुसरीच वापरा. गाणं आवडलं म्हणून लेकरू हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. तो आनंदाचा आकडा झाला, दुखण्याचा नाही. प्रश्नही 'कसं वाटतंय' असा नको. 'आत्ता किती दुखतंय, दाखव' असा हवा. सुरू करण्याआधी एकदा आणि ३० मिनिटांनी एकदा. निदान एक चेहरा, म्हणजे २ गुण, उतरले तर उपयोग झाला समजा. ४ किंवा वर राहिला तर डॉक्टरांना कळवा, दुसरं गाणं लावत बसू नका.

अंबाजोगाई वॉर्ड

सरांनी औषधाचं सांगितलं, मी सामानाचं सांगते.

मोबाईल वापरू नका. मध्येच फोन येतो, जाहिरात दुप्पट आवाजात वाजते, आणि स्क्रीन बघायला लेकरू मान वर करून टाक्यावर ताण देतंय. मेमरी कार्ड घालायचा साधा एमपी३ प्लेअर बरा. नेट नको, आणि भारनियमन असलं तरी रात्री चार्ज करून ठेवलेला दिवसभर चालतो. चार्जिंगला लावलेला असताना लेकराच्या अंगावर कधीच ठेवायचा नाही, ऑक्सिजन चालू असेल तिथं तर मुळीच नाही. छोट्या चपट्या बटन-सेलवर चालणारा रिमोट किंवा खेळणं खाटेवर आणू नका. तो सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत जळते.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, वायरचे, रेक्झिनसारख्या गुळगुळीत गादीचे घ्या. उघड्या स्पंजाचे नकोत, स्पंज घाम आणि रक्त शोषून घेतो आणि पुसून साफ होत नाही. कानात खुपसायचे इअरबड लहान मुलांत वर्ज्य. प्रत्येक लेकरानंतर ७० टक्के अल्कोहोलने गाद्या, पट्टी आणि वायर पुसायची, वाळू द्यायची, मगच दुसऱ्याला. उवांचा प्रश्न असतोच, त्यावर सोपा उपाय म्हणजे आधी ऑपरेशन थिएटरमधली डिस्पोजेबल टोपी केसांवर घालायची आणि वरून हेडफोन. पू असलेल्या किंवा वेगळं ठेवलेल्या लेकराचा संच सुट्टी होईपर्यंत त्याचाच.

वायर उशीच्या मागून, सलाईन नसलेल्या बाजूने न्यायची. छातीवरून नेली की कुशीवर वळताना गळ्याभोवती येते. ३ वर्षांखालच्यांना, आणि त्यावरचंही लेकरू झोपेत असेल तर, हेडफोन नकोच. पायथ्याशी निदान १ मीटरवर छोटा स्पीकर, हळू आवाजात. झोपलेल्याला गाण्यासाठी उठवायचं नाही, झोप त्याहून मोलाची.

हेडफोन कुणाला लावायचा नाही हेही सांगते. कानाचं ऑपरेशन, डोक्याला बँडेज, आणि डोक्यात पाणी साचल्यामुळे शंट (ते पाणी काढून नेणारी नळी) बसवलेलं लेकरू: कानामागची झडप दाबली जाऊ नये. टॉन्सिलनंतर घशाचं दुखणं त्याच नसेवाटे कानात उमटतं, पट्टीचा दाब सोसवत नाही. त्यांना स्पीकर. आणि टॉन्सिलचं लेकरू गाणं ऐकत गप्प पडलंय पण सारखे घोट गिळतंय असं दिसलं तर टॉर्च घेऊन घसा बघा, रक्त आत जात असू शकतं.

एप्रिल-मेमध्ये वॉर्ड तापलेला असतो, कानाखाली घाम साचतो. तेव्हा २० मिनिटांवर जाऊ नका. कूलरजवळची खाट या कामाला देऊ नका. घरघर झाकायला नातेवाईक आवाज वाढवत नेतात आणि लेकराच्या कानावर ९० डेसिबल कधी जातं हे कळत नाही.

नातेवाइकांना दोन वाक्यांत समजावून सांगा आणि त्यांचे मोबाईल त्या अर्ध्या तासात बंद ठेवायला सांगा. आजीच्या हातात प्लेअर दिला की बाकीची खोली ती सांभाळते, हा माझा सल्ला मनावर घ्या.

ध्वनिमुद्रण, नांदेड

आवाजाबद्दल नेमकं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठीची सुरक्षित मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. 'मुलांचे' म्हणून विकले जाणारे बरेच हेडफोन ८५ ला अडवतात, म्हणजे डब्यावर लिहिलं म्हणून निर्धास्त राहू नका. वॉर्डातली सोपी परीक्षा: हेडफोन लावलेल्या लेकराशी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोला. त्याने उत्तर दिलं तर ठीक, 'आं?' म्हणालं तर कमी करा.

त्याहून पक्का उपाय म्हणजे फाईलचाच आवाज उतरवून ठेवणे, म्हणजे कुणी बटण शेवटपर्यंत दाबलं तरी बिघडत नाही. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. फाईल उघडा, स्टिरिओचं मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) करा, मग लाऊडनेस नॉर्मलायझेशन लावा. तिथे आपोआप −२३ लफ्स (फाईलच्या एकूण आवाजाचं माप) दिसेल. एमपी३ काढा, प्लेअरमध्ये घाला, आवाज पूर्ण वाढवा आणि मोबाईलवरचं डेसिबल मोजायचं ॲप चालू करून मोबाईलचा माईक हेडफोनच्या वाटीत दाबून धरा, कडा हाताने बंद करा. मोबाईलचं मोजमाप काही डेसिबलनं चुकतं, म्हणून ७० च्या वर आकडा दिसला तर नॉर्मलायझेशन −२६, −२९ असं उतरवत न्या. एकदा आकडा जमला की त्या जातीच्या प्लेअर-हेडफोनसाठी सगळ्या फाईली त्याच मापावर. हेडफोन बदलला तर पुन्हा मोजायचं.

मोनो कशासाठी? लेकराचा एक कान उघडा ठेवायची वेळ येते. स्टिरिओत अर्धी वाद्यं त्या कानाबरोबर जातात. शिवाय ६४ केबीपीएस मोनोत ३० मिनिटांची फाईल जेमतेम १४ एमबी होते.

तुकडे जोडून सलग ३० मिनिटांची फाईल करा, सुरुवातीला ५ सेकंद आवाज हळूहळू चढता आणि शेवटी १५ सेकंद उतरता. मध्ये धाडकन काही नको. हलगी, संबळ, ताशा ही आपल्या कानाची वाद्यं असली तरी त्यांचा ठोका एकदम चढतो आणि दुखणारं लेकरू दचकतं. दचकलं की पोट आवळतं आणि टाका ओढला जातो. बंजारा गाण्यांतल्या नगारा-थाळीचंही तेच. ती गाणी घ्याच, पण घरातल्या बाईकडून नुसत्या गळ्यावर म्हणवून घ्या.

लहान्यांसाठी मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांची लय, एक आवाज, एखादंच वाद्य: पाळणे, जात्यावरच्या ओव्यांच्या चाली, बडबडगीतं. ७ ते १० वर्षांना बहुधा गोष्टी जास्त धरून ठेवतात. कोल्हा-करकोच्याच्या, राजा-राणीच्या, चोराचा माग काढण्याच्या. पोटाच्या ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी विनोदी गोष्टी नकोत, हसताना टाके दुखतात. ११ च्या वरची पोरं सिनेमाची वेगवान गाणी मागतील. द्या. लयीपेक्षा त्यांची पसंती महत्त्वाची, आवाज तर आपण आधीच बांधून ठेवलाय.

आणखी एक खाचखळगा. स्वस्त प्लेअरला देवनागरी नावं वाचता येत नाहीत, चौकोन दिसतात. आणि तो फाईली नावाच्या क्रमाने नाही तर कार्डावर ज्या क्रमाने चढवल्या त्या क्रमाने वाजवतो. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाईलींना ०१, ०२ असे आकडे द्या, एकेक करून क्रमाने चढवा आणि त्याच आकड्यांची चित्रांसह यादी पुठ्ठ्यावर लॅमिनेट करून खाटेला लटकवा. वाचता न येणारं लेकरूही चित्रावर बोट ठेवून निवडतं. ५-६ चित्रं बस्स. ३० ठेवली की ते गोंधळतं.

संगीत शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

रागांच्या यादीबद्दल. अमुक राग पोटदुखीला, तमुक हाडाला अशा याद्या फिरतात. मी शास्त्रीय संगीत शिकवतो आणि त्यावर माझं प्रेम आहे, तरी सांगतो की वॉर्ड त्या यादीवर चालवू नका. रागाचा भाव ऐकणाऱ्याच्या कानावर झालेल्या संस्काराने उमटतो. ज्या घरात कीर्तन-भजन ऐकू येतं तिथल्या लेकराला संथ भूप किंवा यमनातली बासरी ओळखीची वाटेल. ज्याच्या कानावर कधी पडलीच नाही त्याला विलंबित आलाप रडका वाटू शकतो. त्याला नको असेल तर लादू नका. अभंगाचंही तसंच: आजीला आवडतो म्हणून नातवाला लावायचा नाही, आणि कोणत्या घरचं लेकरू आहे ते विचारून मगच देवाधर्माचं काही वाजवायचं.

फिजिओ, जालना

अपेंडिक्सनंतर ९ वर्षांवरची मुलं दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाहीत आणि कफ साचतो. मिनिटाला ६० ठोक्यांचं गाणं इथे कामाला येतं: २ ठोके श्वास आत, ३ ठोके बाहेर, असे ५ श्वास, मग उशी पोटाशी धरून एकदा खोकला. दर दोन तासांनी. चालवताना मात्र हेडफोन काढायचे. सलाईन स्टँड, वायर आणि ओली फरशी एकत्र आली की लेकरू पडतं.

परभणीकर सिस्टर

सगळ्यांचे आभार, खूप कामाचं मिळालं. दोन गोष्टी राहिल्या. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेलेली लेकरं आजीजवळ असतात. आईचा आवाज मागवून ऐकवला तर चालेल का, का जास्त रडेल? आणि भाजलेल्यांच्या ड्रेसिंगला गाणं कधी सुरू करायचं?

अंबाजोगाई वॉर्ड

ताई, आईचा आवाज मागवाच. भूल उतरतानाची तगमग आईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाने कमी होते यावर अभ्यास झालेले आहेत. सरांनी म्हटल्याप्रमाणे तिथं हेडफोन नको, उशापासून दूर हळू स्पीकर, आणि तोही भूलतज्ज्ञांना विचारून. आईला सांगायचं: रात्री कोपीत (ऊसतोडीच्या झोपडीत) निवांत असताना, फोन तोंडापासून वीतभर लांब, ३-४ मिनिटं, घरच्या नावानं हाक मारून एखादी गोष्ट किंवा पाळणा. 'उद्या येते' असं खोटं वचन नको, रडत बोलणं नको. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज या प्लेअरवर सहसा वाजत नाही, एमपी३ करून घ्यावा लागतो. पहिल्यांदा लावताना आजी खाटेवर बसलेली हवी. लेकरू ऐकून हुंदके द्यायलंय असं दिसलं तर बंद, आणि पुन्हा त्यानं मागितल्याशिवाय लावायचं नाही.

ड्रेसिंगचं: आधी ठरलेलं वेदनाशामक, ते लागू पडायला लागलं की ड्रेसिंगच्या १० मिनिटं आधी गाणं, आणि पट्टी बांधून झाल्यावर आणखी १० मिनिटं चालू. पट्टी ओढायच्या क्षणीच सुरू केलं तर लेकरू ते गाणं दुखण्याशी जोडतं आणि दुसऱ्या दिवशी सूर ऐकूनच किंचाळतं. आईचा पाळणा ड्रेसिंगला कधीच वापरू नका, तो झोपेसाठी राखून ठेवा. ड्रेसिंगसाठी वेगळी, मोठी, उत्सुकता वाढवणारी गोष्ट घ्या आणि ती रोज पुढे चालू ठेवा. प्लेअरचं बटण लेकराच्या चांगल्या हातात द्या.

भूलतज्ज्ञ, लातूर

बरोबर. एक राहिलं, कोपराच्या वरच्या फ्रॅक्चरबद्दल. प्लास्टर किंवा पिना घातलेल्या लेकराचं दुखणं औषध आणि गाणं दोन्ही चालू असताना वाढतच गेलं, किंवा 'जादा औषध द्या' ही मागणी वाढत गेली, तर ते हट्टीपणा समजू नका. स्नायूंच्या आत दाब वाढत असू शकतो आणि हाताला मोजके तास असतात. पहिले २४ तास दर तासाला बोटांचा रंग, ऊब, हालचाल बघा आणि बोटं हलकेच सरळ ताणून बघा. ताणल्यावर किंचाळलं तर ताबडतोब ऑर्थोच्या डॉक्टरांना बोलवा, सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. ही तपासणी करताना हेडफोन काढलेला असावा आणि गाणं बंद. गोष्टीत गुंगलेलं पोरगं बोटाकडे लक्षच देत नाही आणि 'नाही दुखत' म्हणून मोकळं होतं.